मिठाने चढतो तो तेलाचा टक्का

संपादक महोदय,

विज्ञान प्रदर्शने सुरू झाली की ठाणे-नवी मुंबईतल्या शाळा-महाविद्यालयांत ‘शेवाळापासून इंधन’ हा प्रयोग हमखास दिसतो. हिरव्या बाटल्यांची रांग, प्रत्येकीत आधीपेक्षा थोडे जास्त मीठ, आणि फलकावर चढत जाणारा तेलाचा टक्का. टक्का बहुधा खरा असतो. गफलत होते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

क्लोरेला, सेनेडेस्मस ही गोड्या पाण्यातली शेवाळे. पाणी खारट झाले की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते, सोडियम आत शिरतो, प्रकाशसंश्लेषण मंदावते. पेशींचे विभाजन रेंगाळते आणि जो कार्बन वाढीला लागायचा तो मेदाच्या थेंबांत साठू लागतो. म्हणजे टक्का चढतो तो वाढ घसरत असतानाच. समजा, बिनमिठाच्या एक लिटर बाटलीत १ ग्रॅम सुके शेवाळ मिळाले, त्यात तेल १५ टक्के. हाती आले १५० मिलिग्रॅम. खाऱ्या बाटलीत तेल २५ टक्के, पण शेवाळ अर्धाच ग्रॅम. हाती आले १२५. बक्षीस मात्र दुसरीला! परीक्षकांनी टक्का विचारूच नये. दर लिटरला दर दिवशी किती मिलिग्रॅम तेल, एवढेच विचारावे.

मीठ वापरायचेच तर आधी गोड्या माध्यमात (शेवाळ वाढवायच्या पोषक पाण्यात) आठ-दहा दिवस शेवाळ दाट होऊ द्यावे, मग मीठ द्यावे आणि तीन-चार दिवसांत काढणी करावी. एकदम ओतू नये, दोन-तीन हप्त्यांत द्यावे. ०.१ मोलर (द्रावणाच्या तीव्रतेचे माप) म्हणजे लिटरला ५.८४ ग्रॅम मीठ, समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, यावरून अंदाज यावा. किराणा दुकानातले आयोडीनयुक्त मीठ नको, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्येही असतात. शेजारी तितक्याच दिवसांची बिनमिठाची बाटली हवीच. दाट झालेल्या शेवाळाने माध्यमातले नायट्रेट हे खाद्य संपवले असेल तर तेल त्या उपासमारीनेही वाढते, आणि श्रेय फुकट मिठाला जाते.

मोजणीत दोन ठिकाणी पाय घसरतो. वाढ पाहायला नमुन्यातून ६८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडून तो किती अडतो ते मोजतात, पण तिथे हरितद्रव्य प्रकाश शोषते. खाऱ्या पाण्यात शेवाळ पिवळे पडले की पेशी तेवढ्याच असूनही आकडा उतरतो. ७५० वर मोजावे, आणि त्याआधी बाटली नीट हलवावी, कारण खारावलेल्या पेशींच्या गुठळ्या तळाशी बसतात.

दुसरी चूक वजनाची. लिटरला १० ग्रॅम मीठ असलेले १ मिलिलिटर पाणी जरी गाळणकागदात राहिले, तरी सुकल्यावर १० मिलिग्रॅम मीठ शेवाळ म्हणून मोजले जाते. नमुना ५० मिलिग्रॅमचा असेल तर हिशेबच कोलमडला. डिस्टिल्ड पाण्याने धुवावे, तर मिठाला सरावलेल्या पेशी पाणी शोषून फुटू शकतात आणि ऐवज गाळणीखाली जातो. त्याऐवजी लिटरला सुमारे १३.५ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट घातलेल्या पाण्याने धुवावे. त्याची तीव्रता या मिठाच्या पाण्याएवढीच असते, आणि ओव्हनमध्ये ते उडून जाते. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने काढलेला हिरवट अर्क म्हणजे सगळेच इंधनाचे तेल नव्हे, त्यात हरितद्रव्य आणि पेशीपटलातला मेदही असतो. ही द्रावके शाळेच्या वर्गात उघडू नयेत, हेही इथेच सांगतो.

काही गट ‘मीठ विकत कशाला’ म्हणून वाशी पुलाखालून ठाणे खाडीचे पाणी आणतात. खाडीचा खारटपणा भरती-ओहोटीनुसार आणि पावसाळ्यात बराच बदलतो, त्यामुळे दर खेपेला रिफ्रॅक्टोमीटरने मोजणे भाग आहे. गाळ वजनात भर घालतो, सांडपाण्यातले नायट्रोजन निकाल बदलते, आणि त्यातले सूक्ष्म प्राणी शेवाळ खातात. शिवाय खाडीतले डायटॉम (एक प्रकारचे सूक्ष्म शेवाळ) खारटपणाला आधीच सरावलेले. काही दिवसांत बाटली त्यांचीच होऊ शकते. काढणीच्या दिवशी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय तिच्यावर क्लोरेलाची चिठ्ठी लावू नये.

– सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, ऐरोली, नवी मुंबई