फुटपट्टी पुढ्यात ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

काल सकाळी आमच्या लिंबाच्या कोवळ्या पानावर लिंबाळी फुलपाखरू अंडं घालून गेलं. मोहरीएवढं, फिकट पिवळं, गुळगुळीत. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ते मोत्यासारखं गोल दिसलं आणि पहिली आठवण तुमची झाली. आभार तुमच्या स्टुडिओत येऊनही मानले असते, पण चार लोकांसमोर मानावेत असं मनात होतं.

तुमच्याकडे मी आले होते ती पासपोर्ट फोटोसाठी. बोलता बोलता मोबाइलवरचे बागेतल्या किड्यांचे फोटो दाखवले, सगळे पुसट. दुसऱ्या एका दुकानात मला कॅमेऱ्याची नवी बॉडी आणि 70-300 मिलिमीटरची, लांबचं जवळ दाखवणारी लेन्स सांगितली होती, ‘लांबूनच किडे टिपा’ म्हणून. पैसे जमलेले होते, दुसऱ्या दिवशी घ्यायचंच ठरलं होतं.

तुम्ही बजेट विचारलं नाहीत, मेगापिक्सेलचं नावही काढलं नाहीत. विचारलंत ते एवढंच, “ताई, किडा केवढा?”

जास्वंदीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, खायला येणारा ढालकिडा (लेडीबर्ड), पाच-सहा मिलिमीटरचा, असं मी सांगितलं. तुम्ही काउंटरवर स्टीलची फुटपट्टी ठेवलीत आणि तुमच्याकडच्या तशाच 70-300 ने जितक्या जवळून फोकस होईल तितक्या जवळून तिचा फोटो काढलात. फ्रेममध्ये पट्टी जितकी कमी मावेल तितका किडा मोठा दिसणार; इथे दहा सेंटिमीटरहून जास्त पट्टी आली. मग कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी 18-55 लेन्स लावलीत, साडेसात सेंटिमीटर आली. “यात तुमचा किडा म्हणजे अंगणात पडलेला शेंगदाणा,” म्हणालात. लेन्स लांबचं दाखवते म्हणजे लहान वस्तू मोठी करते असं नाही, हे मला तेव्हा कळलं. आकड्यांच्या कागदावरून कधीच कळलं नसतं.

पुढचा तास तुम्ही मला दिलात. स्टुडिओत गिऱ्हाइकं थांबली होती, तरी दिलात. जुनी निकॉन डी5300 घ्या, कारण तिचा स्क्रीन बाहेर वळतो आणि रोपाच्या बुडाशी आडवं पडावं लागत नाही. सोबत वापरलेली 55-200 लेन्स. आणि पुढे चिमट्यासारखं बसणारं रेनॉक्स डीसीआर-250 हे छोटं भिंग. यातलं काहीही तुमच्या दुकानात विकायला नव्हतं. घरी आल्यावर मी तीच परीक्षा केली. भिंग लावून लेन्स 200 वर नेली, तर पट्टी जेमतेम 15 मिलिमीटर आली, म्हणजे ढालकिडा फ्रेमचा तिसरा हिस्सा व्यापणार! मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले.

लहान वस्तू जवळून मोठी टिपणारी खरी मॅक्रो लेन्स याहून चांगली, हे तुम्ही लपवलं नाहीत. पण सुरुवातीलाच तेवढे पैसे घालू नका, आधी बागेत सहा महिने बसून बघा, हा सल्ला मी आता प्रत्येकाला देते.

भिंगापासून किडा साधारण बारा सेंटिमीटरवर लागतो. पुढे-मागे झालं की गेलंच. डोळा स्पष्ट, तर पाय धूसर. पहिले पंधरा दिवस मी रडकुंडीला आले होते. तेव्हा फोनवर तुम्ही म्हणालात, फोकसची रिंग सोडा, आपणच श्वास धरून पुढे-मागे झुला, लेन्सचं छिद्र बारीक, एफ/11 वर ठेवा आणि फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर लावा. उन्हातले फोटो कडक येत होते, पाठीवरच्या चकाकीत ठिपके बुडून जात होते. कागद लावला आणि लाल रंग लाल दिसायला लागला. ढालकिड्याच्या अळीच्या अंगावरचे काटे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. तिनं तोंडात मावा धरला होता. ज्या अळ्यांना मी वर्षानुवर्षं कीड समजून झाडावरून झटकत आले, त्याच माझी जास्वंद वाचवत होत्या. काका, हे मला तुमच्यामुळे दिसलं.

आता सकाळी सात वाजायच्या आत बाहेर पडते. गारव्यात किडे सुस्त असतात, हेही तुमचंच सांगणं.

अंड्यातून तीन-चार दिवसांत अळी निघेल. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळे नजर चुकते, पण मी पानाला दोरा बांधून ठेवलाय. रविवारी सकाळी लवकर याल का? चहा ठेवते. आणि तुमची ती फुटपट्टी आणा, पहिल्या फोटोत मला ती शेजारी हवी आहे.

तुमची,
लिंबाच्या झाडाखालची विद्यार्थिनी