कार्यक्रम झाला, तास भरला नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय गणित दिनाला काल आपण अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. एरवी गणिताच्या वाट्याला पेपर अवघड गेल्याची बातमी तेवढी येते. त्यातल्या गणितातल्या 'करिअर'वरच्या लेखात लेखकमहाशयांचा सूर मात्र असा, की एम.एस्सी. गणित करून मूल बाहेर पडलं रे पडलं, की एका बाजूला डेटा सायन्सवाले आणि दुसऱ्या बाजूला विमा कंपन्या हार घेऊन उभ्या! मी बाहेर पडले त्याला अकरा वर्षं झाली. दाराशी कुणी नव्हतं.

दोन वर्षांत मी टोपोलॉजी, फंक्शनल ॲनालिसिस असं अमूर्त गणित शिकले, आणि मनापासून शिकले. मुलाखतीत विचारलं, पायथन येतं का, एसक्यूएल येतं का, म्हणजे संगणकाच्या भाषा. प्रश्न चुकीचे नव्हते. आमच्या अभ्यासक्रमाला त्यांचा पत्ता नव्हता, इतकंच. ॲक्चुअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ, व्हायचं तर आधी प्रवेश परीक्षा, मग पुढे परीक्षांची अशी माळ की त्यात वर्षं जातात. शाळेत शिकवायचं तर बी.एड., म्हणजे आणखी दोन वर्षं, वर अभियोग्यता चाचणी आणि मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे. महाविद्यालयात शिकवायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. गणिताच्या नेटच्या क भागात ६०पैकी २० प्रश्न सोडवायचे. एका प्रश्नाची बरोबर उत्तरं दोन असतील, तीनही असतील, आणि त्यातलं एक जरी सुटलं तरी ४.७५पैकी शून्य. (मला तो भाग आवडायचा, खोटं कशाला बोलू!) शेवटी मी सेट झाले. आईला वाटलं, मुलगी सेट झाली.

तेव्हापासून तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे. दर वर्षी त्याच महाविद्यालयात, त्याच जागेसाठी, त्याच सरांसमोर मुलाखत. ते गंभीरपणे विचारतात, "अनुभव?"

तीन वर्षांपूर्वीचा २२ डिसेंबर सांगते. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, रामानुजनवर तुम्हीच बोला, तुम्ही छान बोलता." आठवडाभर खपून तयारी केली. सभागृह भरलं, मुलं खरंच ऐकत होती, शेवटी एक गुलाबाचं फूल मिळालं. महिनाअखेरीस बिल परत आलं, तर त्या दिवसाचे माझे दोन तास लाल शाईनं खोडलेले. कारण, विद्यार्थी कार्यक्रमाला बसले होते, वर्ग भरला नाही. मग भाषणाचं काय? भाषण हा 'उपक्रम'. उपक्रमाला तासिका लागू नाही. थोडक्यात, माझ्याच भाषणानं माझेच तास बुडवले. लिपिक भला माणूस. म्हणाले, "मॅडम, तक्त्यात रकानाच नाही हो." मी तक्ता पाहिला. खरंच नव्हता.

त्या भाषणात सांगितलेली आणि आपल्या लेखात नसलेली गोष्ट लिहिते. एफ.ए. (तेव्हाची कॉलेजातली पहिली परीक्षा) नापास झालेले रामानुजन वही घेऊन नोकरीसाठी लोकांचे उंबरे झिजवत होते. १९१२मध्ये मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी मिळाली, महिना ३० रुपये. पुढच्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजचे गणिती हार्डी यांना जे पत्र लिहिलं, त्याच्या पहिल्या वाक्यात कुठलंही प्रमेय नाही, पगार आहे: वर्षाला अवघे २० पौंड. आपले लेखक रामानुजनांच्या कुंभकोणमहून थेट केंब्रिजला आणि तिथून हार्डींच्या त्या १७२९ नंबरच्या टॅक्सीत. मधली नोकरीची वणवण गाळली. 'करिअर'वरच्या लेखात नेमकी तीच गाळावी?

मागच्या आठवड्यात टी.वाय.च्या एका मुलीनं विचारलं, "मॅम, एम.एस्सी. करू का?" तिला गणित आतून कळतं, म्हणून नाही म्हणवेना. कर म्हटलं, पण पहिल्या सत्रापासून प्रोग्रॅमिंग शीक, जमेल तिथे उमेदवारी कर, आणि गेट ही प्रवेश परीक्षा दे. त्यात २०२४पासून डेटा सायन्सचा वेगळा पेपर आहे. आपल्या अर्ध्या पानात या दोन ओळी मावल्या असत्या तर मी हे पत्र लिहायला बसलेच नसते.

टॅक्सीवरून आठवलं. तिचा नंबर १७२९ म्हणजे दोन घनांची बेरीज, आणि तीही दोन रीतींनी. चौकटीत आपण छापलंय: '१७२९ = १०३ + ९३ = १२३ + १३'. महोदय, ते घन आहेत, तीनचा आकडा वर, बारीक टाइपात असतो. छापलंय तशी बेरीज केली तर एकीकडे १९६ येतात आणि दुसरीकडे १३६. माझ्या वर्गातल्या मुलांनी ते कात्रण फळ्याशेजारी लावलंय, कृपया दुरुस्ती छापावी. आणि आपल्याकडे मुद्रितशोधकाची जागा रिकामी असेल तर जरूर कळवावं. पूर्णवेळ आहे की तासिका तत्त्वावर, तेवढं आधी सांगावं.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये, पुन्हा मुलाखत द्यायची आहे.)