तुकडे तीन, पण एक तृतीयांश एकही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चौथी-पाचवीची कुठलीही सरावपुस्तिका उघडा, अपूर्णांकांच्या पानावर ठरलेला मामला असतो. आकृती आधीच भागलेली, एक-दोन भाग रंगवलेले आणि खाली प्रश्न : रंगवलेला भाग किती? मूल रंगवलेले भाग मोजून अंश लिहितं, सगळे मोजून छेद लिहितं आणि पैकीच्या पैकी गुण घेतं. ही मोजणी तर पहिलीतलं पोरही करेल! भाग समान आहेत का, हे तपासायची वेळच कुणावर येत नाही.

छापणारेही तपासत नाहीत. शेजारच्या मुलाच्या पुस्तिकेत एका वर्तुळात दोन उभ्या रेघा मारून सारख्या रुंदीच्या तीन पट्ट्या केल्या होत्या. मधली रंगवलेली, उत्तर १/३. हिशेब केला तर मधली पट्टी वर्तुळाचा जवळपास ४२ टक्के भाग व्यापते, कडेच्या दोन जेमतेम २९-२९ टक्के. पाचवीतल्या मुलाला हा हिशेब येणार नाही, पण कागदी वर्तुळ कापून कडेचा तुकडा मधल्यावर ठेवला की त्यालाही फरक दिसतो.

मी वर्गात कोरा आयत देत असे. याचे चार समान भाग करा, पण शेजारच्यासारखे नकोत. बहुतेक जण उभ्या-आडव्या रेघा मारत. मग कुणीतरी दोन्ही कर्ण काढी आणि वाद पेटे : दोन त्रिकोण पसरट, दोन उभट, हे समान कसे? पण ते समानच असतात. पसरट त्रिकोण शिरोबिंदूपासून सरळ खाली कापायचा, दोन्ही तुकडे फिरवून जोडायचे, नेमका उभट त्रिकोण तयार होतो. उलट, त्रिकोण अर्ध्या उंचीवर आडवा कापला तर दोन अर्धे होतील असं सगळ्यांना वाटतं. वर येतो पाव आणि खाली पाऊण. अशा तासाला गोंगाट फार होतो, हे कबूल.

घड्या घालून दोन, चार, आठ भाग सहज होतात, म्हणून शिक्षक तिथेच थांबतात. पाच भाग हवे असतील तर रेघी वही पुरते. कागदाची पट्टी वहीवर तिरकी ठेवायची, एक टोक एका रेघेवर, दुसरं तिथून पाचव्या रेघेवर. मधल्या चार रेघा पट्टीला जिथे छेदतात तिथे खुणा करायच्या. सात भागांनाही हीच युक्ती.

केवळ आकृत्यांवर भागत नाही, हेही खरं. ५/४ एका वर्तुळात मावत नाही, तिथे संख्यारेषाच हवी. आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे तोंडपाठ असत. ते पाठांतर परत आणा असं मी म्हणत नाही. पण कोऱ्या आकृतीवर पेन्सिल टेकवायची संधी तरी मुलांना मिळावी.

उत्तरं वेगवेगळी येतात, तपासायला वेळ जातो, ही शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. म्हणून चाचणीत असा एकच प्रश्न घाला. आणि दुसऱ्या एखाद्या प्रश्नात मुद्दाम असमान भागांची आकृती देऊन विचारा : यातला रंगवलेला भाग १/३ आहे का, आणि नसेल तर का नाही?

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा