माफीनाम्याने राग आवरत नाही

महोदय,

नववी-दहावीच्या वर्गात मारामारी झाली की शाळा पालकांना बोलावते, माफीनामा लिहून घेते आणि प्रकरण मिटते. मुलाच्या हाती नवे काही लागत नाही. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे ‘डोकं शांत ठेव’ एवढ्याने भागत नाही. नेमके वाक्य मुलाकडूनच ठरवून घ्यावे: ‘कुणी आईवरून शिवी दिली, तर मी हात खिशात घालीन, पाचदा सावकाश श्वास सोडीन आणि नळाकडे पाणी प्यायला जाईन.’ एका वेळी एकच प्रसंग. तालीम रोज दोन मिनिटे, उभे राहून, राग नसताना. बहुतेक घरी गाडी इथेच अडते. भांडण पेटल्यावर आईबाप शिकवायला बसतात, तेव्हा मुलाच्या कानात काही शिरत नाही.

झोपेकडेही पाहावे. या वयाला 8 ते 10 तास लागतात आणि मोबाइल उशाशी असेल तर ते मिळत नाहीत. चार्जर स्वयंपाकघरात ठेवावा. आईबाबांचाही! शिक्षा द्यायचीच तर लहान, त्याच दिवशी. महिनाभराची मोबाइलबंदी बहुधा चौथ्या दिवशी घरचेच मोडतात.

— एक शालेय समुपदेशक