वाढत्या हाडाचा आधी विचार केलात, डॉक्टर मॅडम

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

लेकीचा गुडघा बरा झाला, त्याबद्दल आभार आहेतच. पण हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, ते ऑपरेशनच्या आधी तुम्ही जे केलंत त्यासाठी. खो-खो, कबड्डी खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांपर्यंत ते पोचावं.

हुलकावणी देताना तिचा पाय रोवला गेला आणि गुडघा आत वळला. कुणाचा धक्काही लागला नव्हता. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एक्सरेत हाडं शाबूत, एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, तुटलेलं. पोरगी 11 वर्षांची. एकीकडे सल्ला मिळाला, वाढ पूर्ण होऊ द्या, तीन-चार वर्षांनी बघू. दुसरीकडे, मोठ्यांचं करतात तसंच लगेच करून टाकू. आमची झोप उडाली.

तुम्ही आधी तिच्या डाव्या हाताच्या पंजाचा एक्सरे काढायला लावलात. गुडघा दुखतोय तर हाताचा फोटो कशाला, हे तिनेच विचारलं, आणि तुम्ही उत्तरही तिलाच दिलंत. मनगटाच्या छोट्या हाडांवरून हाडांचं खरं वय कळतं, अजून किती वाढ बाकी आहे ते कळतं. मग गुडघ्याच्या एक्सरेवरच्या काळसर रेघेवर पेन टेकवलंत. ती भेग नव्हती. ती मऊ कूर्चा, तिथेच हाड वाढतं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक वर्षाला साधारण 1 सेंटिमीटर वाढतं, नडगीचं वरचं टोक 6 मिलिमीटर. मोठ्यांच्या ऑपरेशनात नवा अस्थिबंध बसवायला हाडात बोगदे पाडतात. एवढी वाढ शिल्लक असताना त्या रेघेला इजा झाली, तर पाय वाकडा किंवा आखूड होऊ शकतो. आणि नुसतं थांबावं, तर गुडघा दर वेळी निसटताना आतली गादी फाटत जाते. ती गादी तर तिला जन्मभर पुरवायची आहे!

मग प्लास्टिकच्या गुडघ्याला क्रेप बँडेजची पट्टी गुंडाळून दाखवलीत. तुटलेल्या एसीएलच्या जागी तिच्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूचा चिवट पट्टा घ्यायचा, त्याचं खालचं टोक नडगीला चिकटलेलंच ठेवायचं. वरचं सोडवून मांडीच्या हाडाला मागून वळसा द्यायचा, सांध्यातून पुढे आणायचं आणि नडगीच्या हाडाच्या आवरणाला शिवायचं. हाडाला ड्रिल लावायचंच नाही. बॉस्टनच्या डॉ. मिकेली आणि डॉ. कोचर यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, हेही तुम्हीच सांगितलंत. वाढ संपत आलेल्या मुलांना वेगळी पद्धत चालते, सगळ्यांना एकच माप नाही, हे तुम्ही आवर्जून बजावलंत.

तुमच्या फिजिओ ताईंचेही मनापासून आभार. वर्ष होण्याआधी मैदानाचं नाव काढायचं नाही, या शब्दावर त्या ठाम राहिल्या. लेक रडली, रुसली, तरी एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या 90 टक्क्यांपर्यंत येईस्तोवर त्यांनी तिला सोडलं नाही. ताकद परत आली ती त्यांच्यामुळे.

आता ती पुन्हा खेळते आहे. पायांची लांबी बघायला मे महिन्यात एक्सरेसाठी येऊच. त्या वेळी एक काम घेऊन येणार आहे. उडी मारून नीट कसं उतरायचं, वळताना गुडघा आत कसा जाऊ द्यायचा नाही, ते व्यायाम तिच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना सगळ्या संघाकडून करून घ्यायचे आहेत. तेवढे लिहून द्याल ना?

आपली कृतज्ञ,
एका खो-खोपटूची आई