कीव नको, पोछ्याचं पाणी बदलायला वेळ द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका काकांचं पत्र आलं होतं, शिकल्यासवरल्या पोरींवर आता लोकांचे संडास धुवायची वेळ आली, काय दिवस आले वगैरे. काकांचा हेतू चांगलाच असेल, पण वाचून डोकं फिरलं म्हणून लिहून राहिली. मी बीए आहे. आधी धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात हाऊसकीपिंगला होती, आता आम्ही तिघीचौघी मिळून फ्लॅट, क्लिनिक, ऑफिस यांच्या डीप क्लिनिंगची कामं घेतो. वेळबिळ काही आली नाही बाप्पा, शिकून घेतलेलं काम आहे आणि ते मला चांगलं येते.

लोकांना वाटते फडा हातात घेतला की झालं. हॉस्पिटलात फरशीवर रक्त सांडलं तर नुसता पोछा फिरवला की ते रक्त अख्ख्या वॉर्डभर पसरते. आधी ग्लोव्ज घालायचे, मग त्याच्यावर शोषून घेणारा कपडा टाकायचा, वरून एक टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारणारं ब्लीचचं पाणी, ओतायचं आणि दहा मिनिटं थांबायचं, नंतर बाहेरून आत असं गोळा करत आणायचं. ते दहा मिनिटं थांबणं सगळ्यात अवघड, कारण तेवढ्यात कोणी ना कोणी येऊन ओरडतेच, काऊन उभी आहे, पूस ना लवकर. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल, काच निळ्या डब्यात, सुई पांढऱ्या डब्यात, हे हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत लिहिलेलं आहे पण हाताला लागायला महिने जातात. आणि सुई चुकीच्या पिशवीत गेली तर ती टाकणाऱ्याला नाही, पुढं पिशवी उचलणाऱ्या पोट्ट्याला टोचते, हे आमच्या सुपरवायझर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ते अजून डोक्यात पक्कं आहे. डॉक्टरनं ऑपरेशन कितीही भारी केलं तरी बेडचा कठडा नीट पुसला नसेल तर पेशंट इन्फेक्शन घेऊन घरी जाऊ शकते, हे डॉक्टरांनाही माहीत आहे, फक्त राऊंडला येताना आमच्याकडं पाहायचं त्यांच्या लक्षात राहत नाही.

घरचं घ्या. आपल्या नागपुरात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. बरेच लोक टाकीतलं पाणी ओतून देतात आणि म्हणतात झाला कूलर साफ. अजी, डेंग्यूचा मच्छर अंडी देते टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या जरा वर, आणि ती अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. जूनमध्ये कूलर गच्चीवर नेऊन ठेवला, त्यात पावसाचं पाणी साचलं की मच्छर तयार. म्हणून टाकी घासावी लागते, ब्रशनं, कोपऱ्यांसकट, आणि ताट्यांचं जुनं गवत काढून टाकावं लागते. पाणी भरलेलं असताना आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करायची तीही याच्याचसाठी, अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला साधारण आठवडाच लागते. मी कूलर घासत होती तर एक वहिनी म्हणाल्या, एवढं काय करून राहिली, पाणी तर फेकलं ना. मग त्यांना हे सगळं सांगितलं, तर त्यांनी मुलाला हाक मारली, ये रे, ऐक ताई काय सांगून राहिली. त्या दिवशीचं माझं जेवण खरंच जास्त गोड लागलं.

सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी रातोरात घरांत शिरलं, ते शहर विसरलं नसेल. पाणी तर उतरलं पण मागं चिखल राहिला, सोफ्यात, फ्रिजच्या मोटरमध्ये, देवघरात, सगळीकडं. चिखल ओला आहे तोवर काढला तर निघते, वाळला की खरवडत बसा, म्हणून आम्ही दिवसरात्र करून राहिलो होतो. एरवी आमच्यासाठी वेगळा कप ठेवणाऱ्या घरात तेव्हा स्टीलच्या ग्लासात चहा मिळाला. महिन्याभरानं दिवाळीच्या सफाईला त्याच घरात गेलो तर कप परत वेगळा.

आता एक अवघड गोष्ट, पण बोलायला पाहिजे. मी अभिमान अभिमान करते तेव्हा कोणी असं समजू नका की ज्यांच्या पिढ्यांवर हे काम लादलं गेलं त्यांनीही गप अभिमान बाळगावा. सफाई म्हणजे थोर सेवा असं फक्त अस्पृश्यांनाच पढवायचं, या प्रकारावर बाबासाहेबांनी सडकून टीका केली होती, आणि ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथं तरी हे वेगळं सांगायला नको. माझा अभिमान माझ्या कामाचा आहे, जातीनं वाटून दिलेल्या कामाचा नाही. हे काम नको वाटलं तर मी उद्या सोडू शकते, आणि ही मोकळीक सगळ्यांना नाही.

म्हणूनच काही कामांना मी सरळ नाही म्हणते. एका सोसायटीत सेप्टिक टँक भरला होता, सेक्रेटरी म्हणाले तुमच्यातला एखादा पोट्टा उतरवा, हजार रुपये जास्त देतो. टँकमध्ये जो गॅस असते ना, त्याचा आधी सडक्या अंड्यासारखा वास येते आणि जास्त झाला की नाकच बधिर होते, वास येणं बंद, माणसाला वाटते गॅस गेला, आणि तिथंच तो पडते. त्याला काढायला उतरलेला दुसराही पडते. 2013 चा कायदा आहे, असं उतरवणं गुन्हा आहे, सक्शनचा टँकर बोलवा म्हटलं. तर म्हणतात, कामवालीनं कायदा शिकवू नये. काम गेलं आमचं तिथलं, जाऊ द्या.

शेंडगावचे गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनात लोकांचं डोकं साफ करायचे. त्यांचं नाव अमरावतीच्या विद्यापीठाला आहे, फोटोला हार घालायला सगळे पुढं असतात. आणि खराटा घेतलेली बाई लिफ्टमध्ये शिरली की म्हणतात, मागच्या जिन्यानं जा.

तर काकांना आणि तुम्हालाही विनंती, आमची कीव करू नका. आपल्या पेपराच्या करिअरच्या पानावर कधी हाऊसकीपिंगच्या ट्रेनिंगबद्दलही छापा, कोणतं केमिकल कशावर चालते, पगार किती मागायचा, कंत्राटदार पीएफ भरते की नाही कसं पाहायचं. ज्यांच्या घरी सफाईला कोणी येते त्यांनी ग्लोव्ज द्यावे, पोछ्याचं पाणी दर खोलीला बदलू द्यावं, लवकर आटप म्हणून मागं लागू नये. आणि बाथरूममधली ती ऍसिडची बाटली फेका हो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग सायट्रिक ऍसिडनं निघतात, थोडा वेळ ठेवावं लागते एवढंच, पण मार्बलवर तेही लावू नका. आणि ऍसिडमध्ये ब्लीचिंग मिसळलं तर क्लोरीन गॅस होते, खोकत बाहेर पळावं लागते, आम्ही पाहिलं आहे. दिवाळीची सफाई पाहिजे असेल तर धनतेरसच्या आदल्या दिवशी फोन करून आज या म्हणू नका, तेव्हा आमच्या स्वतःच्या घरी जाळे काढायचे राहिलेले असतात.

आपली एक वाचक,
मानेवाडा रोड, नागपूर