अनुशेषाचे उत्तर कोटींत नको, हेक्टरमध्ये द्या

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावरचे, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत राहून गेलेल्या विकासावरचे तारांकित प्रश्न आणि त्यांची छापील उत्तरे मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. आमदार विचारतात, "हे खरे आहे काय?" खाली उत्तर असते, "हे अंशतः खरे आहे." पुढच्या उपभागाला, "प्रश्न उद्भवत नाही." सभागृहात उपप्रश्न निघाला की मंत्रिमहोदय उभे राहून या भागाला इतके कोटी दिले असे सांगतात, सत्ताधारी बाक वाजवतात आणि अध्यक्ष पुढचा प्रश्न पुकारतात. सरकार कुणाचेही असो, हा क्रम बदललेला नाही. हे पत्र लिहिण्याचे कारण असे की कोटींचा आकडा हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. आणि तो आकडा तपासून पाहण्याची विकास मंडळांच्या रूपाने जी थोडीफार सोय होती, तीही २०२० पासून उरलेली नाही.

मी अकोला जिल्ह्यातला, पूर्णेच्या खोऱ्यातला आहे. आमच्याकडच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली तरी पाणी खारे लागते. ते प्यायला चालत नाही आणि पिकाला दिले तर जमीन खराब होते. इतर ठिकाणी धरण रखडले तर शेतकरी विहिरीवर, बोअरवर निदान काही वर्षे काढतो. इथे तीही वाट नाही. पाटाचे पाणी आले तर ओलीत, नाही तर पावसाच्या भरवशावर कपाशी आणि तूर. म्हणून आमच्या जिल्ह्याला किती कोटी मिळाले याने आमचे समाधान होत नाही. किती हेक्टर भिजले, ते आम्हाला हवे असते.

हा भेद मी आज काढलेला नाही. १९८४ साली वि. म. दांडेकर यांच्या समितीने अनुशेष मोजला, तेव्हा आधी प्रत्यक्ष उणीव मोजली होती. राज्याच्या सरासरीच्या तुलनेत रस्ते किती कमी, सिंचन किती कमी, शाळा-दवाखाने किती कमी हे पाहून मग त्याची किंमत काढली. ती भरली ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या वर, मराठवाड्याचा साधारण साडेतेवीस टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्क्यांच्या वर होता. दहा वर्षांनी वैधानिक विकास मंडळे आली. निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली, तेव्हा तीच रक्कम १४,००६.७७ कोटींवर गेलेली होती. २००१ पासून राज्यपालांचे निर्देश निघू लागले, निधीवाटपाचे सूत्र ठरले : विदर्भाला सुमारे २३ टक्के, मराठवाड्याला सुमारे १९ आणि उर्वरित महाराष्ट्राला सुमारे ५८.

पुढे शासनाने सभागृहाला सांगितले की १९९४ च्या पायावरचा आर्थिक अनुशेष भरून निघाला. कागदावर ते खरेही असेल. पण अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांचा सिंचनाचा भौतिक अनुशेष त्यानंतरही शिल्लक राहिला. असे कसे झाले? अनुशेषाची किंमत १९९४ च्या दराने धरलेली होती. भूसंपादन लांबले, पुनर्वसन अडले, काही प्रकल्पांच्या सुधारित प्रशासकीय मान्यता पुन्हा पुन्हा निघाल्या. जुन्या दराने ठरलेले पैसे संपले, धरणाच्या भिंती अर्ध्यावर आल्या, कालवे आलेच नाहीत. देणे फिटले असे रुपयांचे खाते म्हणते, हेक्टरांचे खाते मात्र अजून उघडे आहे, आणि सभागृहात दाखवले जाते ते पहिलेच.

हेक्टरच्या आकड्यात किती बळ असते, याचा अनुभव या राज्याने एकदा घेतला आहे. २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालात सिंचित क्षेत्राची टक्केवारी दशकभरात १७.८ वरून १७.९ झाल्याचे छापून आले. त्याच दशकातला सुमारे ७० हजार कोटींचा खर्च त्याच्या शेजारी ठेवला गेला आणि सरकार हादरले. नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका काढावी लागली. एका तक्त्यातल्या दोन टक्केवाऱ्यांनी हे घडवले. त्यानंतर काय झाले, तर पुढच्या अनेक वर्षांच्या आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राच्या त्या रकान्यापुढे "उपलब्ध नाही" असे छापले जाऊ लागले. महोदय, ज्या आकड्यावरून विधिमंडळात प्रश्न विचारला जातो, तो आकडाच छापायचा थांबला, तर आमदाराने प्रश्न कशाच्या आधारावर विचारायचा?

आता मंडळांविषयी. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आहे. विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाची, तंत्रशिक्षणाची आणि नोकऱ्यांतल्या संधीची विशेष जबाबदारी त्यात राज्यपालांवर टाकता येते. पण त्या अनुच्छेदातली एक ओळ चर्चेत फारशी येत नाही. प्रत्येक मंडळाच्या कामाचा अहवाल दर वर्षी विधानसभेसमोर ठेवायचा आहे. म्हणजे ही तरतूद करणाऱ्यांनी हा विषय राजभवनावर सोपवून मोकळे होण्याचे ठरवले नव्हते, हिशेब सभागृहातच व्हावा अशी योजना केली होती. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मंडळे नाहीत, म्हणून अहवाल नाही. अहवाल नाही, म्हणून त्यावर चर्चाही नाही.

मंडळांच्या मुदतवाढीचा विषय मधल्या काळात विधान परिषदेच्या १२ राज्यपालनियुक्त सदस्यांच्या नेमणुकीशी जोडला गेला. ते झाले, भर विधानसभेत झाले, आणि मला त्याचे अतोनात वाईट वाटले. कोट्यवधी लोकांचा घटनात्मक हक्क बारा नावांच्या बदल्यात अडवून ठेवायची वस्तू नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला, पुढची कार्यवाही केंद्राकडची होती. त्या प्रस्तावावर दिल्लीशी काय पत्रव्यवहार झाला, कोणत्या तारखेला काय विचारणा आली आणि राज्याने काय उत्तर दिले, हे सारे सभागृहाच्या पटलावर ठेवावे, ही माझी आपल्याकडे पहिली मागणी आहे.

राज्यपालांच्या निर्देशांमुळे निवडून आलेल्या सरकारच्या आर्थिक अधिकारावर मर्यादा येते, हा आक्षेप मी ऐकला आहे. त्यात तथ्य आहे, असे मलाही वाटते. पैसा कुठे खर्च व्हावा हे लोकांनी निवडलेल्या मंत्र्यानेच ठरवावे. पण मग त्या मंत्र्याने सभागृहासमोर प्रदेशवार हिशेब घेऊन उभे राहिले पाहिजे. राज्यपालांचा अंकुश नको आणि आमदारांच्या प्रश्नांना आकडेही द्यायचे नाहीत, असे दोन्ही बाजूंनी चालणार नाही.

दुसरी गोष्ट पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्ये मागितल्या जाणाऱ्या जादा तरतुदींची, आणि ती थेट आपल्या खात्याची आहे. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटींचा होता. त्या वर्षी पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या आणि डिसेंबरात नागपूरला ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. दोन्ही मिळून १ लाख ३२ हजार कोटींहून अधिक, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. यातला निव्वळ भार कमी असतो, केंद्राच्या योजनांचा वाटा असतो, अतिवृष्टीच्या मदतीसारखा अटळ खर्च असतो, हे मला मान्य आहे. त्या मदतीबद्दल कुणी तक्रार करणार नाही. पण मार्चमध्ये आपण प्रदेशांच्या वाट्याबद्दल जे काही सांगता, ते या एवढ्या मोठ्या रकमेने कुठल्या बाजूला सरकते? पुरवणी मागण्यांची पुस्तिका खातेनिहाय आणि लेखाशीर्षनिहाय असते. ती आमदाराच्या हातात पडते तेव्हा वाचून, बेरजा मारून प्रश्न तयार करायला वेळ नसतो. मागण्या आवाजी मतदानाने संमत होतात, पाठोपाठ तो पैसा खर्चायला परवानगी देणारे विनियोजन विधेयक येते. मूळ तरतूदच पूर्ण खर्च झालेली नसताना पुरवणी घेतल्याबद्दल महालेखापरीक्षकांनी वारंवार ताशेरे ओढले आहेत. ते अहवाल येतात तेव्हा पैसा केव्हाच खर्च झालेला किंवा व्यपगत झालेला, म्हणजे न वापरताच मुदत संपून गेलेला असतो.

याला उपाय आहे आणि तो आपल्याच हातात आहे. प्रत्येक आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, म्हणजे कार्यालयाचे पैसे काढून खर्च करणाऱ्या अधिकाऱ्याला, किती वितरण झाले आणि त्याने किती खर्च केला, हे आपल्या खात्याच्या बीम्स या संगणकीय प्रणालीत दिसते. कोषागारे जिल्हावार आहेत. पाटबंधारे महामंडळांना भागभांडवल म्हणून जाणारी रक्कम वेगळी दाखवावी लागेल, कारण ती मुंबईत एका नोंदीत निघते आणि खर्च होते गावोगावी. पण विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ कुठे काम करते, हे काही गुपित नाही. तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची तरतूद, वितरण आणि प्रत्यक्ष खर्च अशी तीन रकान्यांची बेरीज काढायला नवी समिती नेमण्याची गरज नाही. ती बेरीज अर्थसंकल्पासोबत द्या, आणि प्रत्येक पुरवणी मागणीसोबतही द्या.

नागपूर अधिवेशनाचाही उल्लेख इथे केलाच पाहिजे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घेण्याचे ठरले, ते या भागाच्या प्रश्नांना सरकारने समोरासमोर उत्तर द्यावे म्हणून. करोनाच्या दोन वर्षांत ते मुंबईत झाले, हे समजू शकतो. डिसेंबर २०२४ चे समजू शकत नाही. १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी झाला, १६ ते २१ अधिवेशन चालले आणि खातेवाटप जाहीर झाले ते अधिवेशन संपल्यावर. पाटबंधाऱ्याचे कुणाला विचारायचे, कृषिपंपाचे कुणाला, हेच आमदारांना ठाऊक नव्हते. तरीही पुरवणी मागण्या मात्र मंजूर झाल्या.

माझी मागणी केवळ विदर्भाची समजू नका. "उर्वरित महाराष्ट्र" या एका नावाखाली पुणे आहे, तसे जत, माण आणि खटावही आहेत, नंदुरबारचे आदिवासी तालुके आहेत, कोकण आहे. कोकणासाठी वेगळ्या मंडळाची मागणी विधिमंडळात जुनी आहे आणि रास्त आहे. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात तालुका हा घटक धरला, तो याच कारणाने. तो अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यावर मतभेद झाले, विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेकांनी अनुशेषाची संकल्पना सोडायला विरोध केला, आणि मीही त्या विरोधाच्या बाजूचा आहे. पण तालुकावार आकडेवारी ठेवायला कुणाचाच विरोध नव्हता. निदान तेवढे तरी करता आले असते.

शेवटी वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे ८७ हजार कोटींच्या या प्रकल्पाला मान्यता दिली. नागपूरपासून बुलडाण्यापर्यंत सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर भिजणार असे सांगितले गेले. आमच्या खारपाणपट्ट्यात या प्रकल्पाकडे लोक डोळे लावून बसले आहेत. मला तो व्हायला हवा आहे. म्हणूनच त्याच्या पहिल्या वर्षापासून विधानसभेत एक साधा तक्ता यावा असे वाटते : या वर्षी किती खर्च, किती किलोमीटर कालवा आणि कोणत्या तालुक्यात किती हेक्टर नव्याने ओलिताखाली. तक्ता रिकामा असेल त्या वर्षी रिकामाच मांडा, पण "उपलब्ध नाही" म्हणू नका.

येत्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात मंडळांच्या प्रस्तावाचा पत्रव्यवहार आणि प्रदेशवार खर्चाचा तक्ता पटलावर ठेवावा, अशी विनंती आहे. या पत्राची प्रत आमच्या आमदारांना आणि लोकलेखा समितीच्या अध्यक्षांना पाठवत आहे. तक्ता आला नाही, तर त्यांनी अर्धा तास चर्चेची सूचना द्यावी, असे त्यांना वेगळे कळवले आहे.

कळावे,
आपला,
अकोला जिल्ह्यातील एक मतदार